अंजिराने बळकावलेलं यकृत

‘फ्वा ग्रा’ या फ्रेंच पदार्थातलं ‘ग्रा’ म्हणजे चरबीदार आणि ‘फ्वा’ म्हणजे यकृत. पण ‘फ्वा’ची व्युत्पत्ती शोधत मागे गेलं की यकृत सापडत नाही, सापडतं अंजीर.

लॅटिनमध्ये यकृत ‘येकुर’ आणि अंजीर ‘फीकुस’. अंजीर चारून पोसलेल्या पांढऱ्या हंसाच्या कलेजीचा उल्लेख रोमन कवी होरेसच्या एका मेजवानीच्या कवितेत आहे. डुकरांवर हाच प्रयोग नामांकित खवय्या आपिकियुसने केला, असं रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो : सुकी अंजिरं पोटभर चारायची, मग मध घातलेली वाइन पाजून जनावर तत्काळ मारायचं. हंसाच्या शरीरात जादा साखरेची चरबी होऊन यकृतातच साठते. ते फुगतं, लोण्यासारखं मऊ होतं.

ग्रीकांकडे अशा कलेजीला आधीच ‘अंजिरी यकृत’ म्हणत. रोमनांनी त्याच धर्तीवर ‘येकुर फीकातुम’ घडवलं. झाडाचं नाव ‘फीकुस’ स्त्रीलिंगी; पण ‘येकुर’ नपुंसकलिंगी, म्हणून विशेषणही नपुंसकलिंगी, ‘फीकातुम’. पुढे आपण ‘हापूस आंबा’ न म्हणता नुसतं ‘हापूस’ म्हणतो तसं झालं. ‘येकुर’ गळालं, विशेषणच नाम बनलं. आपिकियुसच्या नावावरच्या पाकग्रंथात ‘फीकातुम’साठी मिरी आणि वाइन घातलेला रस्सा दिला आहे. नंतर अंजीर न चाखलेल्या जनावराचं, अगदी माणसाचंही यकृत ‘फीकातुम’ झालं.

‘येकुर’ का हरला? चवीइतकाच व्याकरणाचाही त्यात हात असावा, असं मला वाटतं. त्याची षष्ठी ‘येकोरिस’ किंवा ‘येकिनोरिस’. मध्येच ‘न’ डोकावतो. संस्कृत जाणणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. ‘यकृत्’ची षष्ठी ‘यक्नः’ अशीही होते, आणि तिथला ‘यकन्’ सांगायला पाणिनीला सूत्र करावं लागलं. येकुर आणि यकृत् एकाच प्राचीन शब्दाची लेकरं. र आणि न यांची ही अदलाबदल त्यांच्या घराण्यातच आहे. विद्वानांना ती मोहक वाटते, बाजारात कलेजी मागणाऱ्याला अडचणीची. ‘फीकातुम’, ‘फीकाती’, ‘फीकातो’ ही रूपं सरळ.

मग लॅटिनच्या लेकी वेगळ्या झाल्या. रोमानियनने ‘फिकात’मध्ये जोर दुसऱ्या अक्षरावर, मूळ जागीच ठेवला, इटालियन ‘फेगातो’ आणि स्पॅनिश ‘इगादो’ यांनी तो पहिल्यावर आणला. स्पॅनिशमध्ये आरंभीचा ‘फ’ही गेला, लिहिण्यात ‘ह’ उरला आणि तोही उच्चारत नाहीत. फ्रेंचमध्ये शब्द इतका झिजला की ‘फ्वा’त अंजीर आहे हे कानाला कळतच नाही.