जुनी फळी, नवी फळी

कोणत्याही साधनाचे आयुष्य एकाएकी संपत नाही. ते हळूहळू झिजत जाते आणि ही झीज वापरणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. विळीची धार बोथट होऊ लागली की हात नकळत अधिक जोर लावण्यास शिकतो. विळी बिघडली आहे हे पाहुणी म्हणून आलेल्या बाईला प्रथम कळते, घरच्या बाईला नव्हे. स्केटबोर्ड या साधनाबाबत नेमके हेच घडते. मात्र येथे एक मोठा भेद आहे. बोथट विळीमुळे फार तर भाजी चिरण्यास वेळ लागेल. निकामी झालेल्या स्केटबोर्डामुळे माणूस वेगात असताना काँक्रीटवर आपटतो.

समजा, बंगळूरच्या जयनगर भागातील एखादा चौदा वर्षांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या स्केटबोर्डावर रोज सायंकाळी सराव करतो. अलीकडे त्याच्या उड्या पूर्वीइतक्या उंच जात नाहीत. आपलेच काही चुकत असावे असे त्याला वाटते. कालांतराने तो नवा स्केटबोर्ड मागतो, तेव्हा घरातील वडीलधारी माणसे विचारतात : चाके फिरत आहेत, फळी मोडलेली नाही, मग नवा कशासाठी? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र मुलाच्या हट्टातून किंवा वडिलांच्या काटकसरीतून न मिळता साधनाच्या निरीक्षणातून मिळावयास हवे.

साधनाची घडण

स्केटबोर्डाचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर झाला. समुद्राच्या लाटांवर फळीच्या साहाय्याने तरंगत जाण्याचा खेळ तेथे लोकप्रिय होता. लाटा नसतील त्या दिवशी तोच आनंद रस्त्यावर मिळावा म्हणून 1950 नंतरच्या दशकात काही तरुणांनी साध्या फळ्यांना स्केटची चाके ठोकली. पुढे आलेली भाजक्या मातीच्या मिश्रणाची चाके लहानशा खड्यानेही अडत आणि स्वार पुढे फेकला जाई. 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फ्रँक नॅसवर्दी याने युरेथेन या लवचीक द्रव्याची चाके बाजारात आणली, आणि या खेळाला खऱ्या अर्थाने गती आली. याच कुळातील दुसरी शाखा बर्फावर गेली. 1965 साली मिशिगन राज्यातील शर्मन पॉपेन याने दोन स्की एकमेकींना जोडून आपल्या मुलींसाठी एक खेळणे केले. आजच्या स्नोबोर्डाचा तो एक पूर्वज होय. स्नोबोर्डला 1998 साली नागानो येथील ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले, तर स्केटबोर्डला 2021 साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये.

स्केटबोर्डाचे मुख्य भाग चार : पाय ठेवण्याची फळी, तिच्याखालील धातूचे दोन ट्रक, चार चाके आणि प्रत्येक चाकातील दोन बेअरिंगे. यांपैकी फळी सर्वांत आधी संपते. चांगली फळी अखंड लाकडाची नसते. मेपल वृक्षाचे सात पातळ पापुद्रे सरसाने एकमेकांवर चिकटवून, साच्यात दाबून ती तयार करतात. बहुतेक पापुद्र्यांचे तंतू फळीच्या लांबीच्या दिशेने असतात, तर साधारणतः दोन पापुद्रे आडवे घातलेले असतात. उभ्या तंतूंमुळे फळीला लवचीकपणा लाभतो आणि आडव्या तंतूंमुळे ती उभी चिरफाळत नाही. एवढे बळ एका सेंटिमीटरहून थोड्याच अधिक जाडीत सामावलेले असते.

झिजेची लक्षणे

स्केटबोर्डावरील बहुतेक कसरतींच्या मुळाशी एक उडी आहे. स्वार मागच्या पायाने फळीचे शेपूट जमिनीवर आपटतो, फळी उसळते, आणि पुढच्या पायाने तो तिला हवेत सरळ करतो. ही उसळी फळीच्या ताठपणावर अवलंबून असते. हजारो आघातांनंतर पापुद्र्यांमधील सरसाला सूक्ष्म तडे जातात, तंतू सैल होतात आणि आघाताची शक्ती उसळीत न जाता फळीतच जिरते. जयनगरच्या त्या मुलाचे काही चुकत नव्हते. त्याची फळी थकली होती.

ही थकावट ओळखण्याच्या काही सोप्या खुणा आहेत. फळीचे शेपूट जमिनीवर आपटून पाहावे. टणक, कोरडा आवाज आला तर फळी शाबूत आहे. बद्द आवाज आला तर पापुद्रे सुटू लागले आहेत असे समजावे. शेपटाची कड घासून पातळ व धारदार झाली असेल, तर तिचे ढलपे निघतात आणि नडगीला जखम होण्याची भीती असते. फळीच्या कडेला पापुद्र्यांच्या रेषा उकललेल्या दिसतात काय, हेही बघावे. परंतु सर्वांत महत्त्वाची तपासणी ट्रकच्या बोल्टांभोवती करावयाची असते. तेथे आडवी भेग दिसली, तर ती फळी त्याच दिवशी बाजूला ठेवावी. अशी फळी हळूहळू मोडत नाही. एखाद्या उडीनंतर पाय टेकताच तिचे दोन तुकडे होतात.

बंगळूरच्या हवेचाही येथे विचार करावयास हवा. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरील या शहराची हवा सौम्य म्हणून प्रसिद्ध असली, तरी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत येथे पावसाच्या सरी येतच राहतात आणि सप्टेंबरमध्ये त्यांचा जोर विशेष असतो. ओल्या जमिनीवर नेलेली फळी कडेने पाणी शोषते. मग ती फुगते, किंचित पिळवटते आणि वाळल्यावरही पूर्वीचा ताठपणा तिला परत मिळत नाही. बेअरिंगांना गंज चढतो तो याच दिवसांत. म्हणून दोन वर्षे जपून, कोरड्यात वापरलेली फळी दोन महिने पावसात वापरलेल्या फळीपेक्षा चांगली असू शकते. वय मोजून फळी बदलू नये. तिची अवस्था पाहून बदलावी.

नवीची निवड

स्नोबोर्ड निवडताना स्वाराचे वजन आणि त्यावरून फळीची लांबी यांचा विचार मुख्यत्वे केला जातो. कारण तेथे पाय फळीला जखडलेले असतात आणि स्वाराचा भार बर्फावर पसरावयाचा असतो. स्केटबोर्डावर पाय मोकळे असतात. ते फळीवर सतत सरकतात, उतरतात, पुन्हा चढतात. यास्तव येथे लांबीपेक्षा रुंदीला महत्त्व येते. रुंदी इंचांत मोजण्याचा प्रघात आहे. लहान पावलांच्या मुलांना साडेसात इंचांच्या आसपासची फळी पुरते. मोठी मुले व प्रौढ साधारणतः 8 ते 8.25 इंचांची घेतात. उतार-चढावांच्या खोलगट मैदानात वेगाने फिरणारे 8.5 इंच किंवा त्याहून रुंद फळी पसंत करतात. अरुंद फळी हवेत सहज गिरकी घेते, परंतु पाय टेकताना डळमळते. रुंद फळी स्थिर असते, परंतु ती फिरवावयास अधिक श्रम पडतात.

येथे एक मोह टाळावयाचा असतो. नवे घ्यावयाचेच, तर अगदी निराळे घ्यावे असे पुष्कळांना वाटते. पण पावलांना जुन्या फळीच्या कडा पाठ झालेल्या असतात. रुंदी एकदम अर्ध्या इंचाने बदलली, तर अंगवळणी पडलेल्या कसरती पुन्हा गिरवाव्या लागतात. शिवाय ट्रकच्या कण्याची लांबी फळीच्या रुंदीशी जुळावी लागते. पाव इंचापलीकडे तफावत गेली, तर ट्रकही बदलण्याचा खर्च अंगावर येतो. म्हणून वाढत्या वयाच्या मुलाने पाव इंचाची वाढ करावी. इतरांनी जुनीच रुंदी ठेवावी, हे सामान्यतः श्रेयस्कर होय.

चाकांची निवड जमिनीवरून ठरते. त्यांची कठिणता एका मापाने दर्शवितात; आकडा जितका मोठा, तितके चाक कठीण. गुळगुळीत काँक्रीटच्या मैदानात 99 च्या आसपासची, सुमारे 52 मिलिमीटर व्यासाची चाके उत्तम चालतात. तीच चाके बंगळूरच्या एखाद्या उखडलेल्या गल्लीत दात हालवतील. रस्त्यावरून जा-ये करणाऱ्याने 78 ते 87 कठिणतेची, 56 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी चाके घ्यावीत. मात्र मोठे चाक वळताना फळीला घासून अडण्याचा संभव असतो. अशा वेळी ट्रक आणि फळी यांच्यामध्ये रबरी चकती घालावी लागते. बेअरिंगे मात्र सर्वत्र एकाच मापाची असतात : आतील छिद्र 8 मिलिमीटर, बाहेरील व्यास 22 मिलिमीटर.

आता घरातील त्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. चाके फिरत आहेत आणि ट्रक शाबूत आहेत, हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणूनच संपूर्ण नवा स्केटबोर्ड घेण्याचे कारण नाही. नवी फळी आणि तिच्यावर चिकटवावयाचा खरखरीत कागद एवढे विकत घ्यावे. जुने ट्रक पान्याने सोडवून नवीवर बसवावेत. खेळण्यांच्या दुकानातील प्लॅस्टिकच्या ट्रकांचा, दाबलेल्या भुशाच्या फळीचा स्वस्त स्केटबोर्ड घेण्यापेक्षा चांगली नुसती फळी घेणे केव्हाही शहाणपणाचे.

राहता राहिला जुन्या फळीचा प्रश्न. आपल्याकडे मोठ्याची वस्तू धाकट्याकडे जाण्याची रीत आहे, आणि ट्रक, चाके यांच्या बाबतीत ती योग्यच आहे. भेगाळलेल्या फळीच्या बाबतीत ती घातक ठरते. नवशिक्याला तोल सावरता येत नाही. फळी मोडली असता त्यालाच अधिक दुखापत व्हावयाची. अशी फळी चाकांविना चटईवर पाय बसविण्याच्या सरावाला किंवा भिंतीवरील मांडणीला लावावी. शिरस्त्राण मात्र दोन्ही भावंडांना वेगवेगळे आणि आपापल्या मापाचे हवे.

भारतात या खेळाचे वय लहान आहे. बंगळूरमध्ये ‘होली स्टोक्ड’ या स्थानिक गटाने परदेशांतून आलेल्या स्वयंसेवकांच्या साहाय्याने 2013 साली सर्जापूर रस्त्यावरील प्ले अरेना येथे काँक्रीटचे स्केट मैदान उभारले, आणि भारतातील अनेक तरुणांना असे मैदान प्रथमच पाहावयास मिळाले. 2022 साली गुजरातमध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत पुण्यातील एका सुरक्षारक्षकाची कन्या श्रद्धा गायकवाड हिने या खेळात सुवर्णपदक मिळविले. ज्या घरांत प्रत्येक खरेदी विचारपूर्वक केली जाते, त्या घरांतील मुलेही या खेळात पुढे येत आहेत. अशा घरांत कोणता भाग बदलावा आणि कोणता राखावा याचे ज्ञान हा केवळ छंदाचा भाग राहत नाही. खेळ चालू राहील की अर्ध्यावर सुटेल, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.