थायरॉईडच्या गाठीत हाड? अहवाल नीट समजून घ्या

थायरॉईडच्या गाठीसाठी मानेची सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन केल्यावर अहवालात कधी ‘कॅल्सिफिकेशन’, तर क्वचित ‘ऑसिफिकेशन’ हा शब्द आढळतो. पहिल्याचा अर्थ, गाठीत कॅल्शियमचे क्षार साचले आहेत. दुसऱ्याचा, तेथे प्रत्यक्ष हाड तयार झाले आहे. कर्जतमध्ये असा अहवाल घेऊन येणाऱ्या कुटुंबाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘कर्करोग हाडात गेला का?’

या शब्दांचा तसा अर्थ होत नाही. थायरॉईडचा कर्करोग हाडात पसरतो, तेव्हा मणक्यासारखे हाड बहुधा पोखरले जाते; ते दुखते, कधी मोडतेही. येथे मात्र हाड नसलेल्या जागी हाड निर्माण होते. काही प्रथिनांच्या प्रभावाने गाठीतील साध्या पेशी हाड घडवणाऱ्या पेशींत रूपांतरित होतात. कधी त्या हाडात अस्थिमज्जाही सापडते. हा प्रकार दुर्मीळ असून तो साध्या गाठींतही आढळतो आणि कर्करोगाच्या गाठींतही. म्हणून केवळ हाड दिसले, एवढ्यावरून निदान करता येत नाही.

सोनोग्राफीत वाळूसारखे बारीक कण दिसल्यास मात्र पॅपिलरी कर्करोगाचा संशय वाढतो. अशा वेळी गाठीतून बारीक सुईने पेशी काढून तपासतात. गाठ फार कठीण असेल, तर सुईला पुरेशा पेशी मिळत नाहीत. मग तपासणी पुन्हा करावी लागते किंवा शस्त्रक्रियेचा विचार होतो. काढलेल्या गाठीत हाड असल्यास काप घेण्यापूर्वी त्यातील कॅल्शियम विरघळवावे लागते. त्यामुळे अहवालाला काही दिवस अधिक लागले, तर धीर सोडू नये.

आणखी एक गैरसमज म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्यांनी किंवा दुधाने गाठीत हाड होते. तसे होत नाही. वृद्धांच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. थायरॉईड काढल्यानंतर तर कॅल्शियमची गरज वाढू शकते. थायरॉक्सिनची गोळी व कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे.

पॅपिलरी कर्करोग बहुतेकदा उपचारांना चांगला प्रतिसाद देतो. किरणोत्सारी आयोडीनचा उपचार आवश्यक ठरल्यास मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून कार्यरत आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

गाठ झपाट्याने वाढणे, आवाज बसणे, गिळताना अडणे किंवा श्वास लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास, विशेषतः वृद्धांमध्ये, थांबू नये. तपासणीस जाताना जुने सर्व अहवाल सोबत न्यावेत. गाठ किती दिवसांत किती वाढली, हे त्यांवरूनच कळते.