वाल्याची बायको आणि सुधाकरची सिंधू

मुकुटबनकर मंडळी, प्रायश्चित्त फसतं कसं, एवढंच आज पाहू. ‘बॅरी’ ही अमेरिकी मालिका (२०१८ ते २०२३) तुमच्यातल्या तरुणांनी पाहिली असेल. सुपारी घेऊन माणसं मारणारा बॅरी लॉस एंजेलिसला एकाला मारायला जातो आणि तिथल्या अभिनयाच्या वर्गात रमतो. आजपासून नवं आयुष्य, असं ठरवतो. मग आणखी एक खून, आणि पुन्हा ‘आजपासून’. आपण हसत असतो. हसता हसता त्याच्या बाजूचे कधी झालो, कळत नाही.

हे आपल्याकडे गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलंय. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं १९१९ साली. त्याच्या थोडंच आधी गडकरी आपल्या विदर्भातच, सावनेरला वारले. तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाला प्रेक्षक पोट धरून हसतो, आणि त्याच दारूपायी पुढे सुधाकरच्या हातून त्याचं तान्हं मूल मरतं. या नाटकाला नुसतं दारूबंदीचं नाटक म्हणणं आम्हाला अपुरं वाटतं.

वाल्या कोळ्याची गोष्ट आठवा. माझ्या पापात वाटेकरी होशील का, असं तो बायकोला विचारतो. ती स्वच्छ ‘नाही’ म्हणते. वाल्याचा वाल्मीकी होतो तो या नकारामुळे. नारदमुनी त्यानंतर कामी आले. आता सिंधू पाहा. दळणं दळून तिनं घर चालवलं. मरताना फौजदारापुढे ती नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते. न विचारताच वाटेकरी होते! आपण डोळे पुसतो, तिला देवी म्हणतो. पण सुधाकरला कुणासमोर ‘हे मी केलं’ म्हणून जगायची वेळच येत नाही. तो विषाचा प्याला पितो. ती शिक्षा झाली, प्रायश्चित्त नव्हे. प्रायश्चित्ताला जिवंत राहावं लागतं.

बॅरीच्या वाट्याला सिंधू नाही, पण खोटी साक्ष मिळतेच. तो ज्याच्याकडे अभिनय शिकला, त्या जीन कूसिनोच्या प्रेयसीचा, पोलीस अधिकारी जॅनिसचा, खून बॅरीने केलेला. शेवटी जीन त्याला गोळी घालतो आणि दोन्ही खून जीनच्याच माथी बसतात. मग बॅरीवर चित्रपट निघतो. त्यात बॅरी भला सैनिक, जीन खलनायक. बॅरीचा मुलगा, आता मोठा झालेला, तो चित्रपट बघतो आणि त्याच्या चेहऱ्यावर किंचित हसू येतं.