सावलीला सूचनाफलक लागत नाही

रॉटरडॅम शहरातल्या नाट्यगृहासमोर एक विस्तीर्ण चौक आहे. मेक्सिकोत जन्मलेले आणि कॅनडात स्थायिक झालेले कलावंत राफाएल लोझानो-हेमर यांनी 2001 साली तिथल्या सिनेमागृहाच्या भिंतीवर ‘बॉडी मूव्हीज’ ही कलाकृती मांडली. रस्त्यांवर टिपलेली माणसांची छायाचित्रे भिंतीवर पडत होती, पण जमिनीवरच्या झेनॉन दिव्यांच्या प्रखर झोतात ती दिसेनाशी होत. कुणी झोतासमोर आले की भिंतीवर सावली पडे आणि तिच्या आत छायाचित्र उमटे. दिव्याजवळ उभ्या असलेल्या माणसाची सावली 25 मीटरपर्यंत वाढे, भिंतीकडे सरकले की जेमतेम दोन मीटर उरे. सगळी छायाचित्रे सावल्यांनी उघडली की संगणक नवा संच आणी. पण लोकांना त्या चेहऱ्यांपेक्षा एकमेकांच्या सावल्यांत जास्त रस वाटला. दिव्यापाशी उभे राहिलेले लहान मूल दूरच्या अनोळखी माणसाला तळहातावर उचलून घेऊ शके. कसे खेळायचे हे कुणाला शिकवावे लागले नाही, कारण सावली कशी वागते हे सगळ्यांनाच ठाऊक असते.

सार्वजनिक जागेतल्या डिजिटल कलाकृतीची खरी कसोटी मला इथे दिसते. पडद्यापुढे किती माणसे थांबली, ही मोजणी जाहिरातदाराच्या कामाची आहे. चौकासाठी महत्त्वाचे हे, की थांबलेली माणसे एकमेकांकडे वळली का. माँट्रियलमध्ये 2011 साली ‘डेली तू ले जूर’ या संस्थेने 21 संगीतमय झोपाळे लावले. प्रत्येक झोपाळ्याला आपला सूर होता, पण काही सुरावटी अनेकांनी एका लयीत झोके घेतले तरच ऐकू येत. मग साधे झोपाळे काय वाईट, असे कुणी विचारील. साध्या झोपाळ्यावर शेजारी असला काय, नसला काय, काही बिघडत नाही. इथे मात्र त्याच्या लयीवर आपले गाणे अवलंबून असते. तंत्रज्ञानाचा खर्च समर्थनीय ठरतो तो एवढ्याच फरकासाठी.

अशा कलाकृतींना अनेकदा कॅमेरा लागतो, म्हणून पाळतीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिकागोच्या क्राउन फाउंटनमध्ये शहरवासीयांचे चेहरे दाखवणारे मनोरे आहेत. 2006 साली त्यांच्या माथ्यावर पाळतीचे कॅमेरे बसवले गेले आणि लोक संतापल्यावर ते काढावे लागले. तो संताप रास्तच होता. पण खेळायला बोलावणारा कॅमेरा आणि नजर ठेवणारा कॅमेरा यांत भेद करता येतो: सावलीची बाह्यरेषा ओळखण्यासाठी माणूस कोण आहे हे जाणण्याची गरज नसते. जी कलाकृती गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा करते, तिला परवानगीच देऊ नये.

राहिला गैरवर्तनाचा प्रश्न. 2024 च्या मे महिन्यात डब्लिन आणि न्यूयॉर्कमधल्या रस्त्यांना थेट चित्राने जोडणारा ‘पोर्टल’ हा पडदा अश्लील चाळ्यांमुळे आठवड्याभरात तात्पुरता बंद करावा लागला. लोकच असे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण 1980 साली किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ यांनी ‘होल इन स्पेस’मधून न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस तीन संध्याकाळी उपग्रहाने जोडले, तेव्हा तिसऱ्या दिवशी दुरावलेली कुटुंबे भेटीसाठी आली. तिथे समोरच्याचे पूर्णाकृती चित्र दिसे, आवाज ऐकू येई आणि स्वतःचे प्रतिबिंब मात्र कुठेच नव्हते. ‘पोर्टल’मध्ये आवाज नव्हता, बोलता येईना, तेव्हा हावभावच उरले. पुढे कॅमेऱ्याला कुणी फार चिकटले की चित्र धूसर करण्याची सोय झाली. त्याने चाळे रोखता येतील, पण संवाद सुरू व्हायचा तर आधी आवाज द्यायला हवा होता.