हवेतल्या आवाजाचा जमाखर्च

निवृत्तीनंतर मी चंडीगडच्या सेक्टर ३२ मध्ये राहतो. माझ्या घरासमोरून दिवसभर प्रामुख्याने दोन प्रकारची माणसे जातात : शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे निघालेले रुग्ण आणि त्यांचे नातलग, आणि जवळच्या सनातन धर्म महाविद्यालयातील विद्यार्थी. एका एप्रिलमध्ये रुग्णालयातील तपासणी आटोपून एक वृद्ध शिक्षक माझ्याकडे आले. जिल्ह्यात नेमणुकीवर असताना साक्षरता मोहिमेत त्यांच्यासोबत मी काम केले होते. बरोबर दोन तरुण स्त्रिया होत्या. येथून तासा-दोन तासांच्या अंतरावरील एका गावी हे तिघे एक लहानसे सामुदायिक रेडिओ केंद्र चालवतात. एकीच्या हातातील प्लास्टिकच्या पिशवीत तपासणीच्या कागदांबरोबरच केंद्राचा लेखापरीक्षित वार्षिक हिशेब होता.

गुरुजींनी तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, ''साहेब, आठ दिवसांनी विश्वस्तांची सभा आहे. केंद्र चालू ठेवायचे की बंद करायचे, एवढेच सांगा.''

हिशेबाचे पहिले पान आश्वासक होते. उत्पन्न खर्चापेक्षा अधिक होते आणि वर्षअखेरीस बँकेत शिल्लक दिसत होती. मी समाधान व्यक्त करताच त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिले. मग कळले, की त्यांना आणि त्यांच्या एका सहकाऱ्याला कित्येक महिन्यांचे मानधन मिळालेले नव्हते. हिशेब रोखीच्या पद्धतीने ठेवलेला असल्याने न दिलेले मानधन खर्चात धरलेच गेले नव्हते. आणि एका योजनेच्या अनुदानाचा हप्ता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जमा झाल्याने तो 'आधिक्य' म्हणून झळकत होता. लेखापरीक्षकाने काहीही चुकीचे केले नव्हते. तरीही त्या कागदावर केंद्र सुदृढ होते आणि प्रत्यक्षात ते शेवटच्या घटका मोजत होते.

मार्चअखेरचा हप्ता मला चांगलाच परिचित होता. सेवेत असताना मी स्वतः अशा फायली हाताळल्या आहेत. आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र आल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, हा नियम योग्यच आहे. परंतु प्रमाणपत्रातील एखादी त्रुटी काढून फाईल परत पाठवताना, त्या कालावधीत कोणाचा पगार थांबतो हे विचारण्याची तसदी मी क्वचितच घेतली. वर्ष संपत आले, की निधी परत जाऊ नये म्हणून आम्ही घाईने मंजुरी देत असू. हा विलंब आमच्या नोंदींत कोठेच दिसत नसे. तो दिसे केवळ दुसऱ्याच्या घरात.

सामुदायिक रेडिओचा भारतीय इतिहास फार जुना नाही. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात दिला. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना आणि नोव्हेंबर २००६ मध्ये ना-नफा स्वयंसेवी संस्थांना हे दार उघडले. पहिल्या धोरणातून २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र उभे राहिले. दुसऱ्यातून २००८ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात दलित स्त्रियांनी चालवलेला 'संघम रेडिओ'. आज देशात अशी सुमारे पाचशे केंद्रे आहेत. चंडीगडमध्येही पंजाब विद्यापीठाचे 'ज्योतिर्गमय' आहे आणि सेक्टर ३८ मधील विवेक हायस्कूलचे केंद्र आहे.

या परवान्यातील अटी हिशेबाच्या दृष्टीने वाचल्या, तर एक चमत्कारिक चित्र उभे राहते. प्रक्षेपणाची शक्ती सामान्यतः १०० वॉट, पोहोच पाच ते दहा किलोमीटर. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेला हवा, म्हणजे माणसे हवीत. जाहिराती प्रामुख्याने स्थानिक व्यवसाय आणि सेवांच्या. प्रायोजित कार्यक्रम मुख्यतः केंद्र आणि राज्य सरकारांचे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवण्यापलीकडे स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई. मिळालेला पैसा आधी केंद्रावरच खर्च करायचा. उरलाच तर मातृसंस्थेच्या मूळ कामासाठी वळवण्यास मंत्रालयाची लेखी परवानगी. प्रत्येक अट स्वतंत्रपणे समर्थनीय आहे. एकत्रितपणे मात्र त्या असे सांगतात, की दुकान लहान ठेवा, सर्वाधिक मागणी असलेला माल विकू नका आणि तरीही स्वतःच्या पायावर उभे राहा.

शिवाय हा एकच साचा सर्वांना लागू आहे. चंडीगडचे एकूण क्षेत्रफळ ११४ चौरस किलोमीटर. येथे दहा किलोमीटरच्या वर्तुळात जवळपास सारे शहर येते. २०११ च्या जनगणनेनुसार साडेदहा लाख लोक. साताऱ्याच्या माण तालुक्यातील दुष्काळी माळरानावर तेवढेच वर्तुळ काढले, तर काही वाड्यावस्त्या आणि आठवडी बाजाराची एक-दोन गावे. वर्तुळ तेवढेच, जाहिरात देऊ शकणारी दुकाने मात्र तेवढी नव्हेत.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१२ मध्ये वार्षिक स्पेक्ट्रम शुल्क १९,७०० रुपयांवरून ९१,००० रुपयांवर नेण्यात आले होते. केंद्रांनी विरोध केल्यावर ती वाढ मागे घेण्यात आली. उपकरणांसाठी साहाय्य योजना आहे. तिची कमाल मर्यादा साडेसात लाख रुपये होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहिरातींची मर्यादा ताशी ७ मिनिटांवरून १२ मिनिटांवर आणि सरकारी दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपयांवर गेला. घोषणेचे स्वागत झाले आणि ते रास्त होते.

आता थोडे गणित करू. रोज बारा तास प्रसारण करणारे केंद्र घ्या. जुन्या मर्यादेने आणि जुन्या दराने त्याचे कमाल वार्षिक जाहिरात उत्पन्न सुमारे ९५ लाख ६६ हजार रुपये होते. नव्याने ते दोन कोटी ३३ लाखांच्या पुढे जाते. हा आकडा वाचून कोणीही म्हणेल, की प्रश्न सुटला. परंतु चार कार्यकर्त्यांना महिना १५ हजार रुपये द्यायचे, तर वर्षाला ७ लाख २० हजार लागतात. त्यासाठी नव्या दराने रोज २७ जाहिराती पुरेत, म्हणजे साडेचार मिनिटे. दिवसभरातील अनुज्ञेय वेळ मात्र १४४ मिनिटे आहे. त्या गावच्या केंद्राला ही साडेचार मिनिटेही भरता येत नव्हती. जुन्या मर्यादेतही त्याची ८४ मिनिटे जवळजवळ रिकामीच होती. छप्पर उंच केल्याने घरातील धान्य वाढत नाही. अडचण मर्यादेची कधीच नव्हती. जाहिरात कोण देईल, किती नियमितपणे देईल आणि पैसे केव्हा चुकते करील, ही आहे.

मागणी आलीच, तर दुसरा पेच करकायद्यात आहे. 'सर्वसाधारण लोकोपयोगी उद्दिष्ट' या वर्गात मोडणाऱ्या धर्मादाय संस्थेची व्यावसायिक स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक झाली, तर त्या वर्षीची करसवलत धोक्यात येते. ही मर्यादा २०१५ मध्ये आली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा कठोर अर्थ लावला. म्हणजे प्रसारण धोरण सांगते, जाहिरातींवर जगा. करधोरण सांगते, फार जगू नका. देणग्यांचा मार्गही अरुंदच. कंपनी कायद्याच्या ज्या सातव्या अनुसूचीनुसार सामाजिक दायित्वाचा निधी खर्च होतो, तिच्यात माध्यमांचा उल्लेख नाही. त्यामुळे कार्यक्रमाला आरोग्य किंवा शिक्षण असे नाव देऊनच दारात जावे लागते. परकीय देणग्यांत २०२० पासून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. ज्या कामात यंत्रापेक्षा माणूस महत्त्वाचा, तेथे पगाराचा कोणता भाग प्रशासन आणि कोणता कार्यक्रम, हा वाद कायमचाच.

महाराष्ट्रात या कोंडीतून वाट काढणारी उदाहरणे आहेत. म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी' २००८ पासून बोलते आहे. तिच्यामागे ग्रामीण स्त्रियांसाठी काम करणारे माणदेशी फाउंडेशन आहे आणि त्याच परिवारात १९९७ पासून महिलांची सहकारी बँक उभी आहे. नाशिकच्या 'रेडिओ विश्वास'ने करोनाकाळात जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांतील तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी 'शिक्षण सर्वांसाठी' हा उपक्रम राबवला. सुमारे दीडशे शिक्षकांनी त्यासाठी पाठ ध्वनिमुद्रित केले. पुढे राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारांत याच केंद्राला शाश्वत आर्थिक प्रारूपासाठी पहिले पारितोषिकही मिळाले. एकटे केंद्र क्वचित टिकते, त्याच्या पाठीशी भक्कम संस्था किंवा समाज लागतो, हाच यातून निघणारा बोध आहे.

त्या दीडशे शिक्षकांच्या वेळेचे मूल्य कोणत्या ताळेबंदात दिसणार? आपल्या हिशेबात यंत्राचा घसारा दरवर्षी लिहिला जातो, माणसाचा लिहिला जात नाही. ब्रिटनमध्ये २००४ च्या सामुदायिक रेडिओ आदेशाने एकाच स्रोतातून निम्म्याहून अधिक उत्पन्न घेण्यावर बंधन घातले. त्याच वेळी स्वयंसेवकांच्या तासांचे मूल्य उत्पन्नाच्या बाजूला धरण्यास तेथील नियामकाने मुभा दिली. फ्रान्सने स्थानिक रेडिओसाठी स्वतंत्र निधी उभारला आणि आरंभी तो मोठ्या प्रसारकांच्या जाहिरातींवरील करातून भरला. दोन्ही देशांनी एक गोष्ट मान्य केली : लहान माध्यम बाजारात पूर्णपणे टिकणार नाही, आणि ते सरकारच्या एकट्याच्या दयेवरही राहू नये.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात नवे काही वाटत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या 'मूकनायक'ला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. तरी ते पत्र १९२३ मध्ये बंद पडले. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' निघाले आणि पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांना 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या शीर्षकाचा लेख लिहावा लागला. त्या प्रश्नातील 'लौकिक' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. ज्यांना बोलायला जागा नाही त्यांच्यासाठी चालवलेल्या पत्राचा बोजा चालवणाऱ्याने एकट्याने वाहायचा, की ते लोकांचे देणे आहे? १९२९ मध्ये ते पत्रही थांबले. प्रश्न थांबला नाही.

धोरणकर्त्यांनी आता तीन गोष्टी कराव्यात, असे मला वाटते. पहिली, केंद्र आणि राज्यांच्या प्रसिद्धी खर्चातील एक निश्चित हिस्सा सामुदायिक रेडिओसाठी राखावा आणि देयक ठरावीक दिवसांत चुकते करण्याचे बंधन संबंधित कार्यालयावर घालावे. विलंब झाल्यास व्याज द्यावे. दुसरी, परवान्याच्या अटींनुसार मिळवलेले आणि केंद्रावरच खर्च झालेले जाहिरात उत्पन्न २० टक्क्यांच्या मोजणीतून स्पष्ट शब्दांत वगळावे. एका मंत्रालयाने दिलेली परवानगी दुसऱ्याने दोष ठरवू नये. तिसरी, परवान्यानुसार केंद्रांना लेखापरीक्षित हिशेब सरकारकडे पाठवावाच लागतो. त्याच्या नमुन्यात देणे असलेले मानधन, येणे असलेली सरकारी रक्कम आणि स्वयंसेवकांचे तास असे तीन रकाने वाढवावेत. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही : सरकारच्या जाहिरातींवर जगणारे केंद्र सरकारविरुद्ध बोलेल काय? म्हणूनच वाटप मर्जीवर नसून सूत्रावर असावे, आणि कोणत्याही एका स्रोताचा वाटा निम्म्याच्या आत राहील असे उद्दिष्ट केंद्रांनीही ठेवावे. उरलेला भाग श्रोत्यांकडून यायला हवा. तो रुपयांत थोडा असेल; वचक म्हणून मोठा असतो.

गुरुजींना मी चालू ठेवा किंवा बंद करा यातले काहीच सांगितले नाही. तो अधिकार माझा नव्हता. आम्ही चौघांनी मिळून हिशेब उपार्जित पद्धतीने पुन्हा मांडला. न दिलेले मानधन देण्याच्या बाजूला लिहिताच आधिक्य नाहीसे झाले आणि तूट उघडी पडली. धाकट्या मुलीने ती रक्कम दोनदा वाचली आणि म्हणाली, ''म्हणजे आम्ही केंद्राला कर्ज दिले आहे.'' मी म्हटले, ''हो. आणि ते आजवर कोणी लिहून ठेवले नव्हते.''

मी एवढेच सुचवले, की विश्वस्तांच्या सभेआधी हा सुधारलेला हिशेब संध्याकाळच्या प्रसारणात, साध्या बोलीत, आकड्यांसह वाचून दाखवा. राजस्थानात १९९४ पासून मजुरांनी जनसुनवाईत सरकारी खर्चाची कागदपत्रे मोठ्याने वाचली आणि त्यातून माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली. जे केंद्र गावाला पंचायतीचा हिशेब विचारायला शिकवते, त्याने स्वतःचा हिशेब गावापुढे ठेवायला संकोचू नये.

त्यांनी तो वाचला. सभेत केंद्र आणखी एक वर्ष चालवण्याचे ठरले. प्रसारणाचे तास कमी करून आणि थकलेले मानधन पहिल्या येण्यातून देण्याच्या अटीवर. दूध संकलन केंद्राने आणि दोन बचत गटांनी दरमहा वर्गणी कबूल केली आहे. तूट यातून भरून निघणार नाही, हे गुरुजींनीच मला फोनवर सांगितले. पुढच्या एप्रिलमध्ये तपासणीला येताना ते नवा हिशेब घेऊन येणार आहेत. त्यात मी सर्वप्रथम शिल्लक पाहणार नाही. त्या दोघींचे मानधन कोणत्या बाजूला लिहिले आहे, ते पाहीन.