दीर्घ एक्स्पोजरमधील प्रकाशगळती : कारणे, लक्षणे आणि निदानपद्धती

बीजसंज्ञा : प्रकाशगळती, दीर्घ एक्स्पोजर, एनडी फिल्टर, नियंत्रित चाचणी, भिंगनळी

प्रस्तावना :

कॅमेरा ही मूलतः एक काळोखी पेटी होय. या पेटीत प्रकाशाने केवळ भिंगाच्या वाटेने आणि ठरविलेल्या काळापुरतेच यावे, अशी तिची रचना असते. अन्य कोणत्याही फटीतून आत शिरणाऱ्या प्रकाशास प्रकाशगळती असे म्हणतात. महाविद्यालयांत भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा, हौशी आकाशनिरीक्षण, वास्तूंचे दस्तऐवजीकरण अशा अनेक कामांत आज कॅमेरा हे मापनाचे साधन बनले आहे. अशा वेळी चित्रावरील डाग वस्तूचा आहे की साधनाचा, हे ठरविता येणे अगत्याचे ठरते.

या प्रश्नाला विज्ञानाच्या इतिहासात मोठे स्थान आहे. १८९६ मध्ये हेन्री बेक्वेरेल यांनी युरेनियमच्या क्षारांचा छायाचित्रण काचेवरील परिणाम तपासला. त्यापूर्वी त्यांनी ती काच जाड काळ्या कागदाच्या दोन थरांत गुंडाळली होती आणि दिवसभर उन्हात ठेवूनही ती काळवंडत नाही, याची खातरजमा केली होती. ही खातरजमा नसती तर काचेवर उमटलेली आकृती ही निव्वळ प्रकाशगळती आहे, असा आक्षेप सहज घेता आला असता. किरणोत्सर्गाच्या शोधाच्या मुळाशी अशी एक साधी गळतीची चाचणी आहे.

गळतीचे गणित :

एखाद्या भिंगात सूक्ष्म फट असूनही नेहमीच्या छायाचित्रात ती वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. याचे कारण प्रमाणात आहे. भर दिवसा धबधब्याचे पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून भिंगापुढे १० स्टॉपचा एनडी फिल्टर लावला जातो. हा फिल्टर भिंगातून येणारा प्रकाश सुमारे १०२४ पटींनी कमी करतो. त्यामुळे १/३० सेकंदाऐवजी सुमारे ३४ सेकंद शटर उघडे ठेवावे लागते. दृश्याच्या बाबतीत घट आणि वाढ यांचा मेळ बसतो. परंतु फटीतून येणारा प्रकाश फिल्टरमधून जातच नाही. त्याची तीव्रता तेवढीच राहते व काळ मात्र १०२४ पट होतो. म्हणजेच दृश्याच्या तुलनेत गळतीचे वजन हजारपटीने वाढते.

यावरून एक वरकरणी विसंगत वाटणारी गोष्ट उलगडते. त्याच कॅमेऱ्याने रात्री चार मिनिटांचे छायाचित्र निर्दोष येते आणि दुपारी एका मिनिटाच्या छायाचित्रावर जांभळट पट्टा उमटतो. रात्री कॅमेऱ्याभोवतीच प्रकाश नसल्याने फट असूनही गळण्यासारखे काही नसते. म्हणून ‘रात्री चालतो, अर्थात कॅमेरा ठीक आहे’ हा निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही.

गळतीच्या संभाव्य जागा :

१) दृश्यदर्शिका : आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात डोळा लावण्याच्या खिडकीतून शिरलेला प्रकाश आरशाच्या कडेने संवेदकापर्यंत पोहोचू शकतो. ट्रायपॉडवर काम करताना डोळा तेथे नसतो, म्हणून हा धोका वाढतो. काही कॅमेऱ्यांच्या पट्ट्यावर या खिडकीसाठी झाकण दिलेले असते, ते याचसाठी. आरसाविरहित कॅमेऱ्यात हा मार्ग नसतो.

२) भिंग व कॅमेरा यांचा सांधा : येथील झीज किंवा ढिलेपणा गळतीस कारण ठरतो.

३) भिंगनळी : अंतरदर्शक पट्टीची पारदर्शक खिडकी, फोकस व झूमची फिरती कडी यांच्या सांध्यांतून प्रकाश आत जाऊ शकतो. टिल्ट-शिफ्ट भिंगांत सरकते सांधे अधिक असल्याने तेथे विशेष लक्ष द्यावे लागते.

४) फिल्टरची चौकट : चौकोनी फिल्टर आणि भिंग यांमधील फटीतून कडेचा प्रकाश शिरतो व फिल्टरच्या मागील पृष्ठभागावरून परावर्तित होतो.

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांत मागील दाराच्या फोमची पट्टी उष्णता व दमट हवेने चिकट होऊन झडते. तेथे फिल्म स्वतःच साक्ष देते. काळवंडलेला भाग चौकटीबाहेर, कडेच्या छिद्रांपर्यंत पसरला असेल तर गळती बहुधा दाराची असते. तो चौकटीतच सीमित असेल तर ती भिंग वा शटरच्या बाजूची असण्याचा संभव अधिक.

सदृश दोषांपासून वेगळेपण :

प्रत्येक डाग गळतीचा नसतो. प्रखर दिव्यामुळे भिंगात होणारे अंतर्गत परावर्तन कॅमेऱ्याची दिशा किंचित बदलताच चित्रात जागा बदलते. एनडी फिल्टरमधून निसटणारे अवरक्त किरण संपूर्ण चित्रास तपकिरी वा जांभळी छटा देतात, त्यांचा पट्टा दिसत नाही. संवेदकाजवळील विद्युत मंडलांच्या उष्णतेमुळे कडेला येणारी झळाळी पूर्ण अंधारातही कायम राहते. गळती मात्र बाहेरील प्रकाशाबरोबर कमी-अधिक होते. निदानाची किल्ली हीच आहे.

निदानाची पद्धत :

एका वेळी एकच घटक बदलावा, हे प्रयोगाचे मूलतत्त्व येथेही लागू पडते. सर्व चाचण्यांत एक्स्पोजरचा काळ, आयएसओ व प्रकाश समान ठेवावा, चित्रे रॉ स्वरूपात घ्यावीत आणि कॅमेऱ्यातील दीर्घ एक्स्पोजरची नॉइज घटविण्याची सोय बंद ठेवावी.

पहिली चाचणी : भिंग काढून कॅमेऱ्यास बॉडी कॅप लावावी, तो काळ्या कापडात गुंडाळून बंद कपाटात ठेवावा व चार मिनिटांचे चित्र घ्यावे. हे तुलनेचे मूळ चित्र होय.

दुसरी चाचणी : कॅमेरा तसाच उन्हात ठेवून चित्र घ्यावे. डाग आल्यास दृश्यदर्शिका झाकून पुन्हा घ्यावे. डाग गेला तर दोष तेथील, न गेल्यास कॅमेऱ्याच्या अन्य सांध्यांचा किंवा कॅपचा.

तिसरी चाचणी : दृश्यदर्शिका झाकूनच भिंग लावावे व त्याचे केवळ पुढील तोंड झाकावे. प्लॅस्टिकच्या काही झाकणांतून अवरक्त किरण जातात, म्हणून त्यावर ॲल्युमिनिअम फॉइल गुंडाळावी. दुसऱ्या चाचणीत नसलेला डाग आता दिसला तर दोष भिंगनळीचा किंवा सांध्याचा ठरतो.

चौथी चाचणी : ॲपर्चर एफ/४ वरून एफ/१६ वर न्यावे. डागाची तीव्रता सोळाव्या हिश्शाच्या जवळपास उतरली तर प्रकाश ॲपर्चरच्या पुढून शिरत आहे. ती बदललीच नाही तर तो ॲपर्चरच्या मागून शिरत आहे.

पाचवी चाचणी : अंधाऱ्या खोलीत तेच एक्स्पोजर चालू ठेवून बारीक झोताची विजेरी एका चित्रात एकाच सांध्यावर धरावी. ज्या चित्रात डाग उमटेल, तो सांधा सदोष होय. चित्रातील डागाच्या जागेवरून फटीची जागा थेट ताडू नये; संवेदकावरील प्रतिमा उलटी असते आणि गळलेला प्रकाश आतून परावर्तित होऊनही येतो.

उपाय व मर्यादा :

दृश्यदर्शिका झाकणे आणि भिंगनळी व सांध्याभोवती काळे कापड गुंडाळणे, एवढ्याने बहुतेक प्रसंगी काम भागते. सांधा वा भिंगनळी उघडण्याचे काम मात्र जाणत्या कारागिराकडेच सोपवावे. कॅमेऱ्यातील नॉइज घटविण्याची सोय येथे निरुपयोगी ठरते, कारण ती वजाबाकीसाठी शटर बंद ठेवून दुसरे चित्र घेते आणि भिंगाकडील गळती त्या चित्रात उतरतच नाही.

गळती दरवेळी चित्रावरच दिसते असेही नाही. २०१२ मध्ये कॅननने आपल्या ५डी मार्क ३ कॅमेऱ्याबाबत मान्य केले की, अत्यंत अंधाऱ्या जागी वरील पटलाचा दिवा लावल्यास त्याचा प्रकाश प्रकाशमापकापर्यंत पोहोचून एक्स्पोजरचे मूल्य बदलू शकते. अवकाशातील साधनेही यास अपवाद नाहीत. डिसेंबर २०१३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या युरोपीय ‘गाया’ दुर्बिणीच्या संरक्षक आवरणास एप्रिल २०२४ मध्ये वाळूच्या कणाहूनही लहान कणाने भोक पाडले. त्यातून शिरलेला सूर्यप्रकाश पृथ्वीवरील थेट उन्हाच्या सुमारे अब्जांश होता, तरीही तेवढ्याने तिच्या संवेदकांच्या कामात व्यत्यय आला.

निष्कर्ष :

प्रकाशगळतीचे निदान महागड्या उपकरणांवर अवलंबून नाही. कॅप, फॉइल, काळे कापड, विजेरी आणि क्रमबद्ध विचार एवढे त्यास पुरते. दोष डोळा लावण्याच्या खिडकीत असताना भिंग दुरुस्तीस धाडणे हा पैशाचा अपव्यय होय. पण साधनाचा डाग निरीक्षण म्हणून नोंदविला जाणे हे त्याहून गंभीर होय. विद्यार्थ्यांच्या हाती कॅमेरा देण्यापूर्वी पहिल्या तीन चाचण्या त्यांच्याकडूनच करवून घेतल्यास, पुराव्यावर विश्वास ठेवण्याआधी साधन तपासण्याची वैज्ञानिक शिस्त त्यांच्या अंगी सहज बाणेल.