पावसाळ्यासाठी यंत्र उभे करताना

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही यंत्रांची निगा हा विषय सुचविला, याचे त्यांना थोडे नवल वाटले. कामगार संघटनेचा माणूस बोनस आणि ग्रॅच्युइटी यांवरच बोलणार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु पाऊस आता पाच-सहा आठवड्यांवर आला आहे. मेअखेरीस कोकणच्या किनाऱ्यावरची जलक्रीडा बंद होते. मालवण-तारकर्लीपासून अलिबागपर्यंत वाळूत उभ्या असलेल्या जेट स्की आणि बनाना बोटी ओढणाऱ्या होड्या तीन महिने छपराखाली जातात. शहरातही पुष्कळांची हौसेची मोटारसायकल याच सुमारास जिन्याखाली ढकलली जाते. ती सप्टेंबरात सुरू होईल की नाही, हे या आठवड्यांत ठरत असते. आणि ती सुरू झाली नाही तर भुर्दंड कोणावर बसतो, हा आमच्या धंद्यातला प्रश्न आहे.

ही मौजेची यंत्रे थंड देशांत मोठ्या प्रमाणावर विकली जातात. तेथे बर्फ पडले की त्यांचा मोसम संपतो, म्हणून त्यांच्या माहितीपुस्तिकेत हिवाळ्यासाठी यंत्र कसे ठेवावे असे एक प्रकरण असते. त्या प्रकरणातली मुख्य भीती गोठण्याची. पाणी गोठले की सुमारे 9 टक्के फुगते, आणि इंजिनाच्या पोटात राहिलेले पाणी ओतीव लोखंडालाही तडा देते. आमच्या किनाऱ्यावर ही भीती शून्य. म्हणून आमच्याकडचे पुष्कळ मालक ते प्रकरण उलटून पुढे जातात. येथेच चूक होते. थंडी यंत्राला एका अर्थी जपते, कारण थंडीत रासायनिक क्रिया मंदावतात. आमचा पावसाळा उबदार, ओला आणि किनाऱ्यावर खारट. हवेतली सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या आसपास गेली की लोखंडाचे गंजणे वेगाने वाढते. मिठाचा कण तर 75 टक्क्यांच्या वर हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळतो. पावसाळ्यात कोकणात हवा बहुधा याहून दमट असते. म्हणजे पत्र्यावर मिठाचा नुसता हात फिरला असेल, तरी तेथे तीन महिने खाऱ्या पाण्याचा थेंब बसून राहणार. छप्पर गळत नाही, एवढ्याने भागत नाही.

आम्ही हे शिकलो ते एका भांडणामुळे. शाळा आमची नववीत सुटली. इंजिनाची ओळख पुढे दारोदार झाली. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका गावी एका मालकाने आपल्याकडच्या पोराचा पगार कापला. पोर वीस-एकवीस वर्षांचे, मोसमापुरते कामावर घेतलेले. मेअखेरीस त्याला घरी पाठवले होते. सप्टेंबरात दोन जेट स्की सुरू होईनात. मिस्त्रीने आत पाणी गेल्याचे सांगितले, आणि दुरुस्तीचा खर्च पोराच्या नव्या पगारातून हप्त्याने वळता होऊ लागला. पोर आमच्याकडे आले ते एवढेच म्हणत, "अण्णा, मी तर गोड्या पाण्याने धुऊन ठेवली होती." धुणे खरे होते. मालकाचे म्हणणेही निराधार नव्हते, कारण आत पाणी गेले होते. दोघेही खरे बोलत असतील तर चूक कुठे, हे समजल्यावाचून आम्हांला तोंड उघडता येत नव्हते. म्हणून आम्ही मिस्त्रीच्या शेडमध्ये तीन दिवस बसलो.

उत्तर निघाले ते क्रमात. जेट स्की चालताना समुद्राचेच पाणी आत घेऊन इंजिन थंड करते आणि ते पाणी धुराबरोबर बाहेर टाकते. मोसम संपला की नळीने गोडे पाणी सोडून आतले मीठ धुवावे लागते. येथे आधी इंजिन सुरू करायचे आणि मग पाणी सोडायचे. बंद करताना आधी पाणी तोडायचे, दोन-चार क्षण इंजिन चालू ठेवून आतले पाणी बाहेर उडवायचे, आणि मग इंजिन बंद करायचे. कारण उघड आहे. पाण्याला बाहेर ढकलणारा धुराचा जोरच नसेल, तर पाणी धुराच्या नळकांड्यात साचते आणि तेथून मागे फिरून सिलिंडरात उतरते. होडीच्या मागे टांगलेल्या आउटबोर्ड मोटरीचा नियम नेमका उलटा आहे. तिच्या खालच्या भागात पाणी खेचणारे रबराचे पंखे असते. ते कोरडे फिरले तर थोड्या वेळात जळते. म्हणून तिला रबरी टोप्या लावून आधी पाणी सोडावे, मग मोटर सुरू करावी, दहाएक मिनिटे मंद चालवावी, आणि इंजिन थांबल्यावरच पाणी तोडावे. पोराला होडीची सवय. त्याने होडीचा क्रम जेट स्कीला लावला, आणि ते दोन वेगळे आहेत हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पुस्तिका होती, ती इंग्रजीत, मालकाच्या कपाटात.

मग आम्ही मालकाकडे गेलो. कामगाराला आपले म्हणणे मांडायची संधी दिल्यावाचून नुकसानीची रक्कम पगारातून कापता येत नाही, असे वेतनाचा कायदा सांगतो. तेथून आम्ही सुरुवात केली. मालक वाईट माणूस नव्हता. तडजोड अशी झाली की कापलेले पैसे परत मिळावेत, मोसम संपल्यावर यंत्रे ठेवण्याच्या कामाचे चार दिवस पगारी धरावेत, आणि प्रत्येक यंत्राच्या दांड्याला एक मराठी कागद बांधावा. त्यावर केलेल्या प्रत्येक कामापुढे करणाऱ्याची सही आणि तारीख. पुढच्या वर्षी त्याच गावातल्या आणखी दोन मालकांनी तो कागद मागून नेला. चार दिवसांचा पगार मात्र एकानेच दिला.

कागदावर धुण्याखेरीज काय काय होते, तेही थोडे सांगतो. आउटबोर्ड उभीच ठेवावी, म्हणजे आतले पाणी आपोआप निथळते. तिच्या गिअरचे तेल मोसम संपतानाच काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर सील गेले आहे आणि आत पाणी शिरते आहे. ही दुरुस्ती जूनमध्ये निवांत होते, सप्टेंबरात मिस्त्रीच्या दारात रांग असते. मोटरीला जस्ताचे किंवा तशाच हलक्या धातूचे लहान गोळे जोडलेले असतात. खाऱ्या पाण्यात आधी ते झिजतात आणि मोटरीचा धातू वाचतो. निम्मे झिजले की बदलावेत, आणि त्यांना कधीही रंग फासू नये. पुष्कळ ठिकाणी यंत्र चकचकीत दिसावे म्हणून त्यांच्यावरही रंगाचा ब्रश फिरलेला आम्ही पाहिला आहे. तसे केले म्हणजे जो झिजायला ठेवला आहे, त्याचे काम बंद पडते आणि झीज इंजिनाकडे वळते.

आता घरच्या मोटारसायकलीकडे वळू. इंजिनाचे तेल गाडी ठेवण्यापूर्वी बदलावे, नंतर नव्हे, कारण वापरलेल्या तेलात ज्वलनाची आम्ले आणि पाण्याचा अंश असतो, आणि ते तीन महिने बेअरिंगांत बसून राहते. टाकी अर्धी ठेवणे सर्वांत वाईट. रिकाम्या जागेतल्या दमट हवेने पत्रा आतून गंजतो. पेट्रोलबद्दल एक गोष्ट नवी आहे. आता आपल्याकडे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. पाणी मर्यादेपलीकडे शिरले की इथेनॉल त्याच्यासह पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी जाते, आणि इंजिनाला जाणारे इंधन तळातूनच ओढले जाते. म्हणून ताजे पेट्रोल गळ्यापर्यंत भरावे, मिळाले तर स्टॅबिलायझर घालावे, आणि ते पुढपर्यंत पोचावे म्हणून इंजिन काही मिनिटे चालवावे. 2020 पूर्वीच्या बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटर आहे. त्याच्या वाटीतले पेट्रोल काढून टाकावे, नाहीतर ते सुकून डिंकासारखे होते आणि बारीक छिद्रे बुजतात.

बॅटरीच्या बाबतीत परदेशी पुस्तिका आमच्या कामाची नाही. शिसे-आम्लाची बॅटरी पडल्या पडल्या उतरते, आणि साधारण दर 10 अंशांच्या उष्णतेला तिचे उतरणे दुप्पट होते. बर्फाच्या देशात दोन महिन्यांनी पाहिली तरी चालेल. आमच्याकडे तीन आठवड्यांनी पाहावी. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या वर दाखवते. ती 12.4 च्या खाली आली की भरावी, कारण उतरलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर कठीण थर बसतो आणि तो पुढे निघत नाही. सोडवताना आधी ऋण तार काढावी, जोडताना ती शेवटी लावावी. गाडीचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. आधी धन सोडायला गेलात आणि पाना सांगाड्याला टेकला, तर ठिणगी उडते. भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तेव्हा खिडकी उघडी हवी, आणि विडी दूर.

बाकी गोष्टी लवकर आटोपतात. साखळी घासून तेल द्यावी. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, म्हणजे टायर एकाच जागी चेपत नाहीत. प्लॅस्टिक गुंडाळू नये. त्याच्या आत घाम धरतो, जुनी चादर बरी. सायलेन्सरच्या तोंडात उंदीर शिरू नये म्हणून चिंधी कोंबावी आणि कोंबल्याची चिठ्ठी किल्लीला बांधावी. आठवड्याने एकदा पाच मिनिटे इंजिन फिरवावे, असे शेजारी सांगतात. ते ऐकू नये. पाच मिनिटांत इंजिन पुरते तापत नाही, धुरातले पाणी सायलेन्सरात साचते, आणि बॅटरीतून जाते तेवढे परत भरत नाही.

त्यातही बंद जागेत इंजिन चालवणे फार घातक आहे. पाऊस म्हणून शेडच्या तोंडाला ताडपत्री बांधलेली असते आणि आत पोर इंजिन चालवून पाहते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखते, झोप आल्यासारखे होते, आणि माणूस बाहेर पडण्याऐवजी खाली बसतो. आमच्या कागदावर हे वाक्य लाल शाईने लिहिले होते, आणि त्याखाली सप्टेंबरातले पहिले काम: जेट स्कीचे आसन उचलून आत साचलेली पेट्रोलची वाफ चांगली निघू द्यावी, सायलेन्सरमधली चिंधी काढावी, यंत्र ताडपत्रीच्या बाहेर उघड्यावर आणावे, आणि मगच किल्ली फिरवावी. त्या ओळीपुढे सहीच्या दोन जागा ठेवल्या होत्या, एक पोराची, एक मालकाची.